येत्या काळाच्या गावाचे वाजिब-उल-अर्ज

(अभ्यासपाठ)

धानाचे बियाणे राखून ठेवणारा प्रत्येक शेतकरी भविष्यावर भरवसा ठेवणाराच असतो. घरात धान्याची ओढ पडली तरी तो बियाण्याच्या कणगीस हात लावीत नाही. कारण पुढील मृग येणार, पाऊस पडणार आणि पऱ्हे उगवणार असे तो धरून चालतो. बियाण्याच्या बाबतीत इतका खंबीर असणारा हाच मनुष्य गावाचा विषय निघाला की मात्र हताश होऊन बोलू लागतो. तळे बुजले, जंगल विरळ झाले, मुले नागपूर-पुण्यास गेली, पाऊस लहरी झाला, आता पुढे काही खरे नाही, असे उद्गार कुरखेड्याच्या बाजारात आम्ही नित्य ऐकतो. यातील तक्रारी खऱ्या आहेत. तथापि तक्रारींची यादी म्हणजे भविष्याचा विचार नव्हे. पंचवीस वर्षांनंतरचे बरे गाव कसे असावे, त्यात पाणी कोणी सोडावे, वीज कोणाच्या मालकीची असावी, मोहफुले कोठे वाळवावी, याचे चित्र ज्याच्या डोळ्यांपुढे नाही, त्यास त्या दिशेने पहिले पाऊलही टाकता येत नाही. असे चित्र काढावे कसे, हे सांगण्याकरिता प्रस्तुत पाठ लिहिला आहे.

१. ही कल्पना नवी की जुनी?

पाश्चात्य देशांतील काही लेखक व चित्रकार यांनी अशा आशादायक चित्रास 'सोलरपंक' असे नाव दिले आहे. हा शब्द २००८ च्या सुमारास वापरात आला, आणि २०१२ मध्ये ब्राझील देशात या नावाचा एक कथासंग्रह निघाला. 'सोलर' म्हणजे सूर्याचे. 'पंक' म्हणजे रूढ चाकोरी न मानणारा. आपल्याकडे मात्र पंक म्हणजे चिखल. सूर्य आणि चिखल ही जोडी धान पिकविणाऱ्यास परकी वाटण्याचे कारण नाही.

या मंडळींचे म्हणणे थोडक्यात असे की, भविष्याची दोनच चित्रे आजवर लोकांपुढे ठेवली जातात. एकात सर्व उजाड झालेले असते; दुसऱ्यात काचेचे उंच मनोरे असतात आणि शेतकरी कोठेच दिसत नाही. त्यांनी तिसरे चित्र मांडले. त्यात शक्ती सूर्याची व वाऱ्याची असते. यंत्रे अशी असतात की ती गावातल्या गावात दुरुस्त व्हावीत. आणि पाणी, रान व वीज यांचा कारभार तेथे राहणारे लोक मिळून पाहतात.

आमच्या देशात हा विचार याहून जुना आहे. बेगम रुकय्या सखावत हुसैन या बंगाली लेखिकेने १९०५ मध्ये 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात प्रसिद्ध केली. त्या कथेतील राज्यात कारभार स्त्रियांच्या हाती आहे. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो आणि पाणी ढगांतून ओढून साठविले जाते. या बाईंचे पती डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. सरकारी दप्तराच्या सावलीतही असे स्वप्न पडू शकते, हे आम्हां महसुली माणसांस समाधान देणारे आहे.

त्याहीपूर्वी मुंबईस एक प्रत्यक्ष प्रयोग झाला. विल्यम ॲडम्स नावाचे गृहस्थ मुंबई उच्च न्यायालयात डेप्युटी रजिस्ट्रार होते. त्यांनी पुष्कळ सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडून सूर्याचे किरण एका बॉयलरवर पाडले आणि अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन आपल्या आवारात चालवून दाखविले. १८७८ मध्ये त्यांनी या विषयावर ग्रंथही प्रसिद्ध केला. उष्ण देशांत सूर्याने सरपणाची जागा घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. यंत्र चालले, परंतु रूढ झाले नाही. आरसे सूर्याबरोबर माणसाने फिरवावे लागत. कोळसा मात्र रात्री आणि पावसाळ्यातही जळे. आमच्या मते आणखीही एक कारण होते. ते यंत्र एका हुशार मनुष्याच्या आवारात होते. पुष्कळ लोकांच्या व्यवहारात ते गुंतलेले नव्हते. जी वस्तू अनेकांच्या नित्य व्यवहारात गुंतत नाही, ती कर्त्याबरोबर संपते. हा पहिला पाठ ध्यानात ठेवून आपण आपल्या मुलखाकडे वळू.

२. तळे : जुन्या काळचे भविष्य

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत जुन्या मालगुजारांच्या व जमीनदारांच्या काळचे हजारो तलाव आहेत. लोक त्यांस मामा तलाव म्हणतात. त्यांच्याहून लहान ती बोडी. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास जमीन देण्याची रीत घातली, अशी परंपरा आहे; अशा जमिनीस तुकूम म्हणत. कोहळी लोकांची तलाव बांधण्याविषयी ख्याती होती. ज्यांनी पाळ घातली त्यांनी आपल्या नातवांच्या अन्नाचा विचार केला होता. म्हणून तळे हे त्या काळच्या लोकांनी काढलेले भविष्याचे चित्रच होय, आणि ते मातीत काढलेले असल्यामुळे अद्याप टिकले आहे.

तळ्याची व्यवस्था साधी आहे. पावसाचे पाणी उतारावरून येऊन पाळीस अडते. जास्तीचे सांडव्यावरून जाते. लागेल तेव्हा तुडूम काढून पाटाने बांध्यांत सोडतात. धान निसवण्याच्या वेळी आश्विनात पावसाने दडी मारली, तर तेवढे एकच पाणी सबंध पीक वाचविते. पाणी कोणाच्या बांधीत आधी व कोणाच्या नंतर जावयाचे, हे ठरलेले असे, आणि त्यासाठी पाणकर नेमलेला असे. यंत्र म्हणून तुडुमाची किंमत फार नाही. खरे यंत्र म्हणजे ती पाळी होय.

त्या काळाचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा हेतू नाही. मालगुजारांच्या गावांत वेठ होती. दुबळ्याच्या पाळीवर अन्याय होई आणि त्यास दाद नसे. मालगुजारी गेली ती योग्यच झाले. १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातील मालकी हक्क रद्द होऊन १९५१ मध्ये तलाव सरकारकडे आले. (चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.) परंतु मालकाबरोबर पाळीही गेली. पाळीवर माती कोणी घालावी, बेशरमची झुडपे कोणी उपटावी, गाळ कोणी काढावा, हे कोणाचेच काम राहिले नाही. जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही, अशी गत झाली.

येथे आमच्या नोकरीतील एक गोष्ट सांगणे भाग आहे. गावांचे पीकपाहणीचे नमुने तपासण्याचे काम आमच्याकडे असे. एका गावाच्या नमुन्यात तलावाच्या पोटातील जमिनीवर हरभरा लिहिलेला आम्हांस आढळला. पोटातील जमीन लवकर मोकळी व्हावी म्हणून काही खातेदार कार्तिकातच तुडूम काढीत, आणि दरसाल पेरा थोडा थोडा आत सरकत असे. पुढे पोटात बांधच पडले, तेव्हा तळ्यात पाणी राहण्यास जागाही उरली नाही. आम्ही नोंद तपासली; ती खरी होती; आम्ही बरोबरची खूण करून पान उलटले. दोन वर्षांनी आश्विनात पाऊस थांबला, तेव्हा तळ्यात सोडण्यास पाणी नव्हते, आणि पाळीखालच्या बांध्यांत धानाच्या लोंब्या पोकळ राहिल्या. त्या बांध्यांत हरभरा पेरणाऱ्या खातेदारांच्याही बांध्या होत्या. खरी नोंद करून आम्ही गप्प बसलो, याचे शल्य आम्हांस आजही आहे. वाचकांपैकी कोणाचा नांगर तळ्याच्या पोटात चालत असेल, तर हा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचावा, एवढीच विनंती.

३. सूर्य हेही एक तळेच आहे

आता सौर पंपाकडे पाहू. एक किलोवॉटच्या सोलर प्लेटा स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण चार युनिट वीज देतात. पाच अश्वशक्तीच्या पंपास सुमारे पाच किलोवॉटच्या प्लेटा लागतात. म्हणजे दिवसास वीस युनिट. वर्षात असे तीनशे दिवस मिळाले असे धरू. एकंदर सहा हजार युनिट झाले. शेतकरी पंप शंभर दिवस चालवितो असे मानले, तर दोन हजार युनिट कामी येतात आणि चार हजार युनिट वाया जातात. दोनशे दिवस प्लेटा उन्हात नुसत्या तापत राहतात.

२०२४ मध्ये महाराष्ट्रात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना सुरू झाली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा किमतीच्या १० टक्के, व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा ५ टक्के ठरविला. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच व त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप, असे प्रमाण ठेविले. रात्री-अपरात्री पंप सुरू करण्यास शेतात जाणे टळते, हा लाभ जंगलपट्ट्यात लहान नव्हे. तेथे वाघ, अस्वल आणि साप यांची भीती नित्याची आहे.

परंतु या लाभाच्या पोटात एक धोका आहे. डिझेलच्या इंजिनास पैसे पडत, म्हणून हात आपोआप आखडत असे. सूर्यास पैसे पडत नाहीत. फुकटच्या उन्हावर दिवसभर पाणी उपसून उन्हाळी धान लावण्याचा मोह कोणासही होईल. एकाची विहीर खोल गेली की शेजारच्याची आटते. मग तोही खोल जातो. विजेचा प्रश्न सुटावा आणि पाण्याचा प्रश्न चिघळावा, असे होऊ द्यावयाचे नसेल, तर पंप बसण्यापूर्वीच विचार केला पाहिजे.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातील धुंडी या गावी यावर एक उपाय करून पाहण्यात आला. तेथे २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी चालू केली. आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेचे त्यांस साहाय्य होते. उरलेली वीज तारांत सोडण्याचा वीज कंपनीशी पंचवीस वर्षांचा करार झाला. दर युनिटास ४ रुपये ६३ पैसे ठरला. त्या बदल्यात त्यांनी शेतीसाठी कंपनीची सवलतीची जोडणी न घेण्याचे मान्य केले. येथील मर्म पाहण्यासारखे आहे. न उपसलेल्या प्रत्येक घागरीस किंमत आली. पाणी वाचविणे हे उपदेशाचे काम न राहता हिशेबाचे झाले. आमच्या वरील उदाहरणातील चार हजार युनिट त्या दराने विकता आले, तर वर्षास १८,५२० रुपये होतात. आपल्याकडील शेतात सुटा बसविलेला पंप तारांशी जोडलेला नसतो, म्हणून हे उत्पन्न आज त्यातून मिळत नाही. तथापि योग्य कंट्रोलर बसविल्यास त्याच प्लेटांवर पिठाची चक्की, कडबा-कुट्टी किंवा लहान शीतकोठी चालविता येते. एवढे तरी शेजाऱ्यांनी मिळून करता येईल.

सारांश, सूर्य हेही एक तळेच आहे. ते रोज सकाळी भरते व रोज सायंकाळी सांडून जाते. त्याचा तुडूम कोणी, केव्हा व किती काढावा, हे ठरविल्याशिवाय त्याचा उपयोग नीट होणार नाही.

४. रान : शेजारच्या गावांचा अनुभव

ठरविणे म्हणजे काय, हे पाहण्यास दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव प्रसिद्ध आहे. तेथील ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. आणि निर्णयापूर्वी त्या विषयाचा अभ्यास व्हावा म्हणून तेथे अभ्यासगट असतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावास सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, तरी बांबू विकण्यास वाहतूक परवाना लागे. तो देण्याचा अधिकार २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती आला. २०१३ मध्ये गावाने आपली शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. सर्व गावांनी हेच करावे असे आम्ही म्हणत नाही. ज्या क्रमाने ते गाव गेले तो क्रम मात्र घेण्यासारखा आहे. आधी अभ्यास, मग सहमती, मग कागद, आणि शेवटी उत्पन्न. आम्ही बहुधा उत्पन्नापासून आरंभ करतो आणि अभ्यासाशी पोहोचतच नाही.

कुरखेड्यास लागून असलेल्या कोरची तालुक्यात सुमारे नव्वद ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली आहे. तेंदूपत्त्याचा व्यवहार ठेकेदाराच्या तोंडाकडे न पाहता ग्रामसभांनी आपल्या हाती घ्यावा आणि वनाच्या कारभारात स्त्रियांचा शब्द चालावा, या दोन्ही गोष्टी तेथे प्रयत्नाने घडत आहेत.

आमच्या वाचकांत पुष्कळसे सातबारावर नाव असलेले खातेदार आहेत. वनहक्क म्हणजे आदिवासी बांधवांचा विषय, आपला नव्हे, असे त्यांपैकी कित्येकांस वाटते. हा गैरसमज होय. कायद्याच्या नावातच 'इतर पारंपरिक वननिवासी' हे शब्द आहेत, आणि ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व प्रौढ स्त्री-पुरुष. आपल्या बांधीत येणारे पाणी त्याच रानाच्या उतारावरून येते. रान उघडे पडले की माती वाहून तळ्यात येते आणि तळे बुजते. ज्याचे धान तळ्यावर, त्याचा जीव रानावर.

५. नोंदीचे महत्त्व

हे सर्व सांगून झाल्यावर आम्ही आमच्या जुन्या विषयाकडे, म्हणजे दप्तराकडे येतो. विदर्भातील गावांस दोन कागदांची परंपरा आहे. गावाच्या बिनदुमाला जमिनीतून सरपण, लाकूडफाटा व चराई कोणास कशी मिळावी, हे ज्यात लिहितात ते निस्तार पत्रक. आणि पाणी, वाट व मासेमारी यांविषयीचे गावचे रिवाज ज्यात नोंदतात ते वाजिब-उल-अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यात कलम १६१ व कलम १६५ अन्वये त्यांची तरतूद आहे. वनहक्क कायद्यातही निस्ताराच्या हक्काचा नावाने उल्लेख आहे. जुन्या लोकांनी लिहून ठेवलेली ओळ दोन पिढ्यांनंतर पुरावा म्हणून उपयोगी पडते, ती अशी.

जे लिहिले जात नाही त्याचे काय होते, याचे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या लहानशा शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, त्यांचे बी वर्षानुवर्षे वेगळे पेरून एक बारीक धान तयार केले. ते दूरवर पसरले. वाणास नाव पडले 'एचएमटी', म्हणजे त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळाचे, निवडणाऱ्याचे नाही. दादाजींस पुढे सन्मान मिळाले, तरी त्या वाणापासून झालेल्या लाभाच्या मानाने त्यांच्या पदरी फारच थोडे पडले, आणि २०१८ मध्ये ते वारले.

६. मौजे ........ , वाजिब-उल-अर्ज, सन २०५०

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक गावाने आपल्या भविष्याचे चित्र रिवाजाच्या कलमांत लिहून काढावे. नमुन्यादाखल एक मसुदा पुढे देतो. मौजाचे नाव मुद्दाम कोरे ठेविले आहे.

कलम १. तळे. तळ्याच्या पोटात कोणी पेरीत नाही. तुडूम केव्हा काढावयाचा हे ग्रामसभा ठरविते. पहिले पाणी निसवणाऱ्या धानास. जनावरे व मासे यांच्यापुरते पाणी ज्येष्ठापर्यंत राखण्याचा रिवाज आहे.

कलम २. गाळ. वैशाखात गाळ निघतो व शेतांत पडतो. ज्याच्या जितक्या बांध्या पाण्याखाली, त्याचा तितका वाटा. भूमिहीनास या कामाची मजुरी मिळते; वेठ नाही.

कलम ३. मासे. मासेमारी ढिवरांच्या संस्थेकडे आहे. मरळ, शिंगी, मागूर हे देशी मासे राखतात. बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावण्याचे काम संस्थेकडे असून त्याचा खर्च गाव देते.

कलम ४. ऊन. शाळा, धान्यकोठी व ग्रामपंचायत यांच्या छपरांवर प्लेटा आहेत. शेतांतील पंप तारांशी जोडले आहेत. कार्तिकात विहिरींचे पाणी मोजून उन्हाळ्याच्या उपशाची मर्यादा ठरते. उरलेल्या विजेवर धानाची गिरणी व मोहफुले वाळविण्याची पेटी चालते; त्याहून उरली ती विकतात. विक्रीतून प्रथम दुरुस्तीचा निधी, मग वाटप. ज्यास जमीन नाही त्याच्या घरासही वाटा आहे. कारण ऊन सातबारा पाहून पडत नाही.

कलम ५. दुरुस्ती. गावातील दोन मुली व दोन मुलगे तारकाम व कंट्रोलर दुरुस्तीचे शिकलेले आहेत. निकामी प्लेटा ओढ्यात टाकण्यास मनाई आहे; त्या मोजून परत धाडतात.

कलम ६. रान. मोहाखाली पाला जाळीत नाहीत. फुले वेचण्यास जाळी बांधतात. बांबू पाळीने तोडतात. तेंदूपत्त्याचा लिलाव ग्रामसभेत उघड होतो व हिशेब भिंतीवर लिहितात.

कलम ७. बियाणे. गावात जे वाण आहेत त्यांची वही आहे. ज्याने वाण निवडला त्याचे नाव त्यापुढे आहे.

कलम ८. वाचन. हा कागद दर अक्षय तृतीयेस मोठ्याने वाचतात. ज्यास हरकत असेल त्याने तेथेच बोलावे.

७. आक्षेप व उत्तरे

कोणी म्हणेल, ही शहरी लोकांची स्वप्ने आहेत. आमचे उत्तर असे की, वरील कलमांतील बहुतेक गोष्टी आज कोठे ना कोठे चालू आहेत. उरलेली वीज धुंडीने विकली. बांबूचा कारभार मेंढ्याने केला. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगावकडे ढिवर मच्छीमारांनी बेशरम काढून तलावांत देशी वनस्पती व मासे पुन्हा आणले आहेत. एका गावी सर्व एकत्र नाहीत, इतकेच.

दुसरा म्हणेल, आमच्या गावात एकी नाही. एकी प्रथम होते आणि काम मागून, असा आमचा अनुभव नाही. एका तुडुमाचा नियम दोन वर्षे पाळला गेला की त्या नियमापुरती एकी झालेली असते. तिच्यावर दुसरा नियम बसतो.

तिसरा म्हणेल, तलाव सरकारचा, तेव्हा सरकार पाहील. तलाव सरकारचा खरा. पण पोकळ लोंबी आपली असते. गाळ काढण्यासाठी २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना निघालेली आहे. परंतु गाळ कोणत्या शेतात किती जावा, हे ठरवून ठेवणाऱ्या गावासच अशा योजनेचा पुरता उपयोग होतो.

८. वाचकांनी करावयाचा अभ्यास

(१) आपल्या गावाच्या निस्तार पत्रकाची व वाजिब-उल-अर्जाची नक्कल अभिलेख कक्षात अर्ज करून मिळवावी आणि चारचौघांत वाचावी.

(२) कागदावर तळ्याचे क्षेत्र किती व आज पाणी किती क्षेत्रावर उभे राहते, हे मोजून फरक लिहावा. फरकात आपला स्वतःचा बांध असल्यास तोही लिहावा.

(३) कार्तिकात व चैत्रात दोर सोडून आपल्या विहिरीचे पाणी किती हातांवर आहे ते पाहावे. असे निदान तीन वर्षे करावे.

(४) गावात सौर पंप असल्यास तो वर्षातून किती दिवस बंद राहतो, याची पंपाशेजारी खडूने खूण ठेवावी व उरलेल्या उन्हाचा हिशेब करावा.

(५) वरील आठ कलमांत जे आपल्या गावास लागू नाही ते खोडावे, आणि एक कलम आपले घालावे. घरातील स्त्रियांस व मुलांस विचारल्याविना ते कलम कायम करू नये.

पाचवा अभ्यास सर्वांत कठीण आहे, आणि आरंभही त्यानेच करावा असे आम्ही सुचवितो. एकच कलम असले तरी चालेल. ते खरे असावे व पाळता येण्याजोगे असावे.

दप्तरात खाडाखोड करू नये, असा नियम आम्ही जन्मभर पाळला. त्यामुळे तळ्याच्या पोटातील हरभऱ्याची ती नोंद आमच्या खुणेसह जेथे असेल तेथे तशीच आहे, आणि तशीच राहील. परंतु जुन्या नोंदीखाली नवा फेरफार घेण्यास नियमाची हरकत नसते. तो घेण्यासाठी अर्ज करणारा मात्र पुढे यावा लागतो.